बुटाचं वय आतून कळतं

इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टन गावाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा बुटांचा. तिथल्या संग्रहालयातला पादत्राणांचा विभाग जून स्वान या बाईंनी १९५० पासून १९८८ पर्यंत सांभाळला. त्यांच्याकडे एक विलक्षण प्रकार सारखा येत असे. जुनं घर पाडताना किंवा दुरुस्त करताना भिंतीच्या पोकळीत, धुराड्याच्या कपारीत, जमिनीच्या फळ्यांखाली कुणीतरी मुद्दाम दडवलेला बूट सापडे. बहुधा एकच पाय, तोही वापरून पार झिजलेला. अशा बुटांची नोंदवही स्वान यांनी सुरू केली. प्रत्येक नोंदीपाशी पहिला प्रश्न एकच असे: हा कधीचा?

तोच प्रश्न आज चोर बाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा लंडनच्या एखाद्या धर्मादाय दुकानात जुना विलायती जोड हातात घेणाऱ्याला पडतो. बुटावर वर्ष छापायची पद्धत सहसा नव्हती. शिवाय वापरलेला बूट ही एका वेळी तयार झालेली वस्तूच नसते. वरचं चामडं एका दशकातलं, तळ दुसऱ्या, टाचेचं रबर तिसऱ्या आणि लेस कालची. जो भाग कधी बदलला गेलेला नाही, तोच खरं बोलतो, आणि असे भाग बहुतेक सगळे आतल्या बाजूला असतात. घेणारा मात्र आधी बुटाचं टोक बघतो, मग बूट उलटा करून तळ बघतो, आणि आत डोकावायच्या आधीच भाव विचारतो.

तळ आणि टाच हे सर्वांत कमी भरवशाचे साक्षीदार. चांगल्या जोडाचा तळ त्याच्या आयुष्यात अनेकदा बदलला जातो, टाच त्याहून जास्त वेळा. रबरी टाचेचं पेटंट अमेरिकेत हम्फ्री ओ'सलिव्हन यांनी १८९९ मध्ये घेतलं. पुढे कित्येक दशकं त्यांच्या नावाच्या टाचा दुरुस्तीच्या दुकानांतून बसवल्या जात होत्या. टाचेवर ते नाव दिसलं तर ती टाच कुठल्या काळातली याचा अंदाज येईल. बूट कधी शिवला, ते त्यावरून कळणार नाही.

तळ मूळचा आहे का, हे बघायला बुटाची कड निरखावी. बऱ्याच बुटांत वरचं चामडं आणि तळ यांच्यामधून वेल्ट नावाची चामड्याची वादी फिरलेली असते. तिच्यावर चालू टाक्यांच्या शेजारी रिकामी भोकं दिसली, की तळ बदललेला आहे असं धरून चालावं. उंची कारखान्यांत तळाचं चामडं कडेनं चिरून टाके त्या चिरेत लपवत आणि वरचा पापुद्रा पुन्हा चिकटवून टाकत. नंतरच्या दुरुस्तीत टाके बहुधा उघड्या खाचेत राहतात. बोट फिरवलं तरी फरक लागतो.

बांधणीवरून फक्त एकच सीमा ठरते: बूट अमुक वर्षाच्या आधीचा नाही, एवढीच. तळ आतून थेट शिवणाऱ्या यंत्राचं पेटंट लायमन ब्लेक यांचं, १८५८ चं. वादी शिवणारं यंत्र चार्ल्स गुडइयर यांच्या मुलानं १८७० च्या दशकात धंद्यात आणलं. (रबराचं व्हल्कनायझेशन करणारे गुडइयर ते वडील; टायरची कंपनी त्यांच्या कुटुंबाची नव्हे, तिनं फक्त नाव घेतलं.) आत, पायाखालच्या चामड्यावर टाक्यांची रांग उघड दिसली तर बांधणी ब्लेकची, गुळगुळीत असेल तर बहुधा वादीची. दोन्ही पद्धती आजही चालू असल्यामुळे यावरून दशक सांगता येत नाही. ‘गुडइयर वेल्टेड म्हणजे जुना’ हे विक्रेत्यांचं वाक्य म्हणूनच निरर्थक आहे.

आता आत बघू. छोटी विजेरी घ्यावी आणि उजेड तिरका पाडावा. समोरून पाडला तर दाबून उठवलेली अक्षरं दिसत नाहीत. ओलं फडकं मुळीच लावू नये. अस्तरावरचे हातानं लिहिलेले आकडे शाईचे असतात आणि एकदा पुसले गेले की कायमचे गेले.

सर्वांत पक्का पुरावा सरकारी खुणांचा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं काटकसरीचे कपडे आणि बूट ठरवून दिले आणि त्यांवर एक खूण सक्तीची केली: कोर काढलेल्या दोन भाकऱ्या शेजारी ठेवाव्यात तसे दोन ‘सी’, आणि पुढे ४१ चा आकडा. ही योजना १९४१ मध्ये सुरू झाली आणि १९५२ मध्ये संपली. बुटाच्या आत ही खूण सापडली, की अकरा वर्षांची चौकट हातात आली. आकडा ४१ असला तरी बूट १९४१ चाच असं नव्हे. ही गफलत फार होते. ब्रिटिश लष्करी बुटांवर बाणाची खूण आणि बरेचदा कारखान्याचं नाव व वर्षही असतं. तोच बाण ‘सी’ अक्षराच्या पोटात असेल, तर बूट कॅनडाच्या लष्कराचा.

अमेरिकेत बूट कामगारांची ‘बूट अँड शू वर्कर्स युनियन’ १८९५ मध्ये स्थापन झाली आणि १९७७ मध्ये दुसऱ्या संघटनेत विलीन झाली. तिचा शिक्का असलेला जोड त्या दोन वर्षांच्या मधला. ‘कॉर्फाम’ हे नाव दिसलं तर चौकट आणखी लहान होते. ड्यूपाँट कंपनीचं हे चामड्यासारखं दिसणारं कृत्रिम द्रव्य १९६३ मध्ये व्यापाऱ्यांपुढे आलं, आणि मोठा तोटा सोसून कंपनीनं ते १९७१ मध्ये बंद केलं.

अलीकडची एक खूण तर फसवणूक लगेच उघडी पाडते. मार्च १९९६ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या पादत्राणांवर वरचा भाग, अस्तर आणि तळ कशाचा आहे, हे लहान चित्रांनी दाखवणं बंधनकारक झालं. पसरलेल्या कातड्याची आकृती म्हणजे चामडं, रिकामा समभुज चौकोन म्हणजे इतर पदार्थ. अस्तरावर ही चित्रं छापलेली असतील तर ‘साठ सालचा आहे साहेब’ हे ऐकून घ्यायची गरज नाही.

कंपनीचं नाव वाचताना सगळ्यात जास्त सावध राहावं लागतं, कारण नावं विकली जातात. लंडनचे पील अँड कंपनी हे मापाचे बूट बनवणारे नामांकित कारागीर. त्यांचं दुकान १९६५ मध्ये बंद झालं आणि नाव न्यूयॉर्कच्या ब्रूक्स ब्रदर्सनी विकत घेतलं. त्यानंतर पील नावाचे तयार बूट नॉर्दम्प्टन परिसरातले वेगवेगळे कारखाने ब्रूक्ससाठी बनवत राहिले. चांगलेच असत ते बूट. पण पीलच्या कारागिरांचा हात त्यांना लागलेला नव्हता. पीलच्या नावाशेजारी ब्रूक्सचं नाव आणि छापील माप असेल, तर जुन्या लंडनच्या पीलची किंमत मोजू नये.

चर्च हा नॉर्दम्प्टनचा कारखाना १८७३ चा. प्राडानं तो १९९९ मध्ये घेतला. त्यांच्या जोडाच्या सुखतळ्यावर शहरांची नावं असतात. जुन्या जोडांवर ती कमी, नंतरच्या जोडांवर वाढत गेलेली. त्याहून उपयोगी आकडा अस्तराच्या कडेला असतो: फर्म्याचा, म्हणजे बूट ज्या साच्यावर घडवतात त्याचा क्रमांक. इथे ७३ हा क्रमांक असेल तर फर्मा जुन्या चर्चचा. १७३ असेल तर जोड प्राडाच्या काळातला. जुन्या चर्चसाठी जीव टाकणारे लोक या एका आकड्यावर भाव ठरवतात, आणि माझ्या मते बरोबर करतात. फर्मा बदलला की बूट पायाला वेगळाच लागतो.

शिकागोच्या फ्लोरशाइमची (स्थापना १८९२) पद्धत आणखी सोयीची. बुटात आतल्या बाजूला सांकेतिक अक्षर-आकडे असतात: ‘ए’ ते ‘एल’ ही बारा अक्षरं बारा महिन्यांची, आणि सोबत वर्षाचा आकडा. अडचण तेव्हा येते, जेव्हा वर्षाचा शेवटचा आकडाच दिलेला असतो. माझ्याकडच्या तपकिरी लाँगविंग घाटाच्या बुटात ‘सी’ आहे आणि ‘६’ आहे. म्हणजे मार्च महिना नक्की; साल १९६६, ७६ की ८६? तिथे बाकीचे साक्षीदार बोलवावे लागतात: लेबलच्या अक्षरांचं वळण, अस्तराचं कापड, टाचेच्या मागच्या कोपऱ्यात बसवलेली इंग्रजी ‘व्ही’ आकाराची धातूची पट्टी. आणि याच नावाच्या पुढच्या काळातल्या जोडांवर ‘मेड इन इंडिया’ हे शब्दही सापडतात. आपल्याकडे असा जोड मिळाला तर तो नकली समजून टाकू नये. तो खराच असतो, फक्त शिकागोचा नसतो.

आकारावरून काळ सांगणं मी शेवटी ठेवतो. पहिल्या महायुद्धापर्यंत पुरुष घोट्याच्या वर जाणारे बूट सर्रास घालत, १९१० च्या दशकात टोकाला फुगीर उंचवटा असे, दुरंगी बूट १९३० च्या दशकात मिरवत. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या निर्बंधांनी दुरंगी बूट बनवणं थांबलं. हे सगळं खरं, पण प्रत्येक घाट पुन्हा परततो आणि कारखाने जुने फर्मे फेकत नाहीत. आतल्या खुणांनी दिलेल्या चौकटीत आकार बसतो का, एवढंच त्याला विचारावं.

तेव्हा घरात कुणी आजोबांनी किंवा वडिलांनी विलायतेहून, अमेरिकेहून आणलेला जोड पडून असेल, तर दुरुस्तीला देण्याआधी एक काम करा. आतली सगळी अक्षरं आणि आकडे दोन्ही पायांतून कागदावर उतरवून घ्या, तिरक्या उजेडात फोटो काढा. सुखतळा बदलावाच लागला, तर काढलेला जुना सुखतळा दुकानातून मागून घ्या आणि त्याच जोडासोबत ठेवा.