मालकाच्या वहीत हरवलेले घर

ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेतील मॅकआर्थर फाऊंडेशनने त्या वर्षीच्या सन्मानितांची यादी जाहीर केली. त्या यादीत डॉ. शैलजा पाईक हे नाव होते. आठ लाख डॉलरची ही रक्कम पाच वर्षांत मिळते व ती कशी खर्च करावी यावर कसलेही बंधन नसते. दलित समाजातील व्यक्तीला हा सन्मान प्रथमच मिळाला. बातमी वाचून आपल्या सर्वांची छाती अभिमानाने भरून आली. परंतु या बाईंनी आयुष्यभर अभ्यास कशाचा केला, हे आपल्यापैकी किती घरांत बोलले गेले? त्यांचा अभ्यास तुमच्या-आमच्या आजीचा आहे, म्हणून त्याविषयी दोन शब्द लिहावेसे वाटले.

येरवडा ते सिनसिनाटी

शैलजाताईंचे बालपण पुण्याच्या येरवड्यातील झोपडपट्टीत, एका खोलीच्या घरात गेले. त्या पुणे विद्यापीठातून एम.ए. झाल्या, पुढे इंग्लंडमधील वॉरिक विद्यापीठातून २००७ साली पीएच.डी. झाल्या आणि २०१० पासून अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात इतिहास शिकवू लागल्या. दलित स्त्रियांच्या शिक्षणावरील त्यांचा ग्रंथ २०१४ साली आला. जात, तमाशा आणि दलित स्त्री यांवरील दुसरा ग्रंथ २०२२ साली निघाला.

इतिहास म्हणजे लढाया आणि तह असे आपल्याला शाळेत शिकविले गेले. या बाईंनी प्रश्न केला तो वेगळाच. ज्या स्त्रीच्या अंगावर, श्रमावर आणि वेळेवर दुसऱ्याची सत्ता होती, तिने घर कसे उभे केले? लेकरे कशी वाढविली? मुलीला शाळेत कशी धाडली? हा प्रश्न विचारायला आपल्याच घरातली लेक लागली.

गुलामाला घर असते काय?

हाच प्रश्न अमेरिकेत काळ्या लोकांविषयी विचारला गेला. १९६५ साली तेथील सरकारच्या एका अहवालात, मोयनिहान अहवालात, असे मांडले गेले की काळ्या समाजाच्या हालाखीच्या मुळाशी त्यांचे मोडके कुटुंब आहे आणि ते मोडण्याची सुरुवात गुलामगिरीतच झाली. हर्बर्ट गटमन नावाच्या इतिहासकाराला ते पटले नाही. त्याने वर्षानुवर्षे जुनी दप्तरे चाळली आणि १९७६ साली काळ्या कुटुंबांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

आम्ही कारकुनी पेशातले. दिवसभर रजिस्टरात नोंदी करणे हे आमचे काम. म्हणून गटमनची रीत आम्हाला विशेष भावली. मळ्याचा मालक गुलामांच्या बाळांची जन्मनोंद ठेवीत असे. प्रेमाने नव्हे, तर वासरू जन्मले की मालमत्ता वाढते त्या हिशेबाने. त्याच कोरड्या नोंदी गटमनने एकापुढे एक मांडल्या आणि त्यांतून घर उभे राहिले. एकाच जोडप्याला ओळीने मुले होत गेलेली दिसली, म्हणजे नवरा-बायको वर्षानुवर्षे एकत्र नांदत होते. मुलांना बापाची, आजोबांची नावे ठेवलेली दिसली. बाप उद्या विकला जाईल हे ठाऊक असल्यामुळे नाव तरी घरात राहावे, अशी ती धडपड. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली तेव्हा सुटलेली माणसे काय करू लागली? कोणी नोंदणी कचेरीत जाऊन आपले जुने लग्न कागदावर चढविले. कोणी वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन विकल्या गेलेल्या आईचा, भावाचा, लेकीचा शोध घेतला. ज्यांना कुटुंबाची जाण नाही असे म्हटले जात होते, त्यांनी सुटका होताच पहिल्यांदा कुटुंबच शोधले.

आपल्याकडची गुलामी

हे सारे दूरदेशीचे आहे असे कोणी समजू नये. पेशवाईत माणसांची खरेदी-विक्री उघड चालत होती. विकत घेतलेल्या दासीला कुणबीण किंवा बटीक म्हणत. येथे कुणबीण म्हणजे कुणबी जातीची स्त्री नव्हे, हे ध्यानात घ्यावे. सरदारांच्या वाड्यात, सरकारी कोठ्यांत, किल्ल्यांवर त्या राबत. व्यभिचाराचा ठपका ठेवून सरकारने दासी केलेल्या स्त्रियाही त्यांत असत. त्यांच्या किमती पेशवे दफ्तरात सापडतात. डॉ. पी. ए. गवळी यांनी ‘पेशवेकालीन गुलामगिरी व अस्पृश्यता’ हा ग्रंथ लिहून हे दोन्ही विषय एकत्र ठेवले, ते फार मोलाचे झाले. कायद्याने गुलामीचा आधार इंग्रज अमदानीत १८४३ साली काढून घेतला.

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. दोन्हीकडची वेदना एकच आहे हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. पूज्य बाबासाहेबांनी तर पुढे जाऊन हिशेबच मांडला. गुलामावर मालकाचा पैसा गुंतलेला असतो, म्हणून निदान त्याला जगविण्यात मालकाचा स्वार्थ असतो. अस्पृश्य मेला काय नि जगला काय, कोणाचेच नुकसान होत नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहिले, त्यामागेही हाच धागा होता.

महार वतनाचेच पाहा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलण्यासाठी बिल आणले. नाव एका वतनदाराचे, पण तो घरी नसला तर त्याच्या बापाला, तोही नसला तर घरातील कोणाही बाईमाणसाला कामावर धरले जाई, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. म्हणजे चाकरी एकाची नव्हती, सबंध घराची होती. अशा घरात आईने लेकराला पाजायचे केव्हा आणि निजवायचे केव्हा, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

फडावरची आई

शैलजाताईंचा दुसरा ग्रंथ तमाशातील स्त्रियांविषयी आहे. विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना फडावर उभ्या राहिल्या, मध्येच बाळंत झाल्या आणि पुन्हा नाचायला गेल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वांनी ऐकली आहे. लोक ती कौतुकाने सांगतात. पण बाळंतिणीला एक रात्र टेकता आले नाही, यात कौतुक कसले? रसिकांना तिची कला हवी होती, ती माणूस म्हणून नको होती.

१६ जून १९३६ रोजी मुंबईत दामोदर हॉलमध्ये बाबासाहेबांनी वाघ्या-मुरळी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातील भगिनींना ते जीवन सोडून देण्यास सांगितले. ते सांगणे योग्यच होते. ज्यांना शक्य झाले त्या बाहेर पडल्या. ज्यांना पोटासाठी मागे राहावे लागले, त्यांचे काय झाले? समाज माणुसकीच्या वाटेने पुढे निघाला तेव्हा या बायांना सोबत घेतले काय, हा शैलजाताईंचा प्रश्न अवघड आहे आणि तो आपल्यालाच आहे. सोयरीक जुळविताना ‘घराणे कसे आहे’ असे आपण आजही विचारतो आणि एखादी मावशी, आजी नाचायला जात होती असे कळले की आवाज खाली जातो. लाज तिला राबविणाऱ्यांना वाटायला हवी. ती आपण आपल्याच म्हातारीच्या पदरात टाकतो.

नागपूरच्या मायमाउल्या

आपल्या नागपूरला तर अशा इतिहासाची खाण आहे. जाईबाई चौधरी या मूळच्या उमरेडच्या. नागपूर स्टेशनवर हमाली करून कामठीपर्यंत ओझी वाहणारी ही बाई पुढे शिक्षिका झाली. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून लोकांनी मुले काढून नेली, तरी ती खचली नाही. १९२२ साली तिने संत चोखामेळा यांच्या नावाने मुलींची शाळा काढली. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया आल्या. त्यांनी घटस्फोटाचा हक्क मागितला आणि एकाहून अधिक बायका करण्याच्या चालीविरुद्ध ठराव केला. गिरणीत खपणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायांनी त्या काळी घराचा कायदा बदलायला सांगितला, ही केवढी मोठी गोष्ट!

ही नावे आज आपल्याला ठाऊक आहेत याचे मोठे श्रेय मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांना आहे. जुन्या कार्यकर्त्या बायांना शोधून, त्यांच्याशी बोलून त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला. आणखी काही वर्षे उशीर झाला असता तर त्यांतील कितीतरी आवाज कायमचे मिटले असते.

आपली वही आपण लिहू

गुलामांची वही मालकाने लिहिली, वतनाची वही पाटील-कुलकर्ण्यांनी लिहिली. एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली आणि २००२ साली बंद पडली. तिच्या हजेरीपटावर आपल्या माणसांची नावे होती, पण घरी चूल कोण पेटवीत होते ते त्यात नव्हते. घराची वही आजवर कोणी लिहिलीच नाही. ती आता आपण लिहावी.

याला पदवी लागत नाही. दोनशे पानांची एक वही घ्या आणि घरातील थोरल्या आईसमोर बसा. माहेर कोणते, नाव कोणी ठेवले, पहिली मजुरी किती मिळाली, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर कोणासोबत गेली, घरातील देव केव्हा काढले, मुलांची जुनी नावे बदलून गौतम, राहुल, सुजाता ही नावे केव्हा ठेवली, हे विचारा. ती म्हणेल, “मी काय सांगू बापा, मी तर अडाणी.” तरी बसून राहा. शाळा सोडल्याचा दाखला, गिरणीची पगार चिठ्ठी, जुने रेशन कार्ड, लग्नपत्रिका रद्दीत देऊ नका. प्रत्येक कागदामागे तारीख व माणसांची नावे लिहून ठेवा. लाजेची वाटणारी गोष्टही लिहा, कारण बहुतेक वेळा ती लाज आपली नसते.

वाचनालयांच्या आणि महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे की येत्या वर्षावासात धम्मग्रंथाचे वाचन झाल्यावर आठवड्यातून एक दिवस एका वृद्ध मातेला बोलते करावे आणि कोणा दहावी-बारावीच्या मुलीने ते उतरून घ्यावे. येरवड्याच्या एका मुलीने आपल्या बायांची कहाणी जगाच्या विद्यापीठात नेली. इंदोऱ्याची, पाचपावलीची, कामठीची मुलगीही नेऊ शकेल. पण ती उद्या शोधायला निघेल तेव्हा तिच्या हाती मालकाची वही नव्हे, तिच्या आजीची वही पडली पाहिजे.

जय भीम!