मापांचीं चिन्हें व विरामचिन्हें

महसुलाच्या इतिहासांत इंदापूर तालुक्याचें नांव महत्त्वाचें आहे. गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनीं १८३५ च्या सुमारास जमिनीची नवी आकारणी तेथें सुरू केली, आणि तीच पद्धत पुढें मुंबई इलाख्यांत पसरली. त्या काळच्या मोजणीची साखळी ३३ फुटांची. साखळीभर लांब व साखळीभर रुंद तो एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. बारामती-इंदापूरकडील शेतकरी आजहि एकर-गुंठ्यांतच बोलतो.

आतां एखाद्या कागदांत 'क्षेत्र १.२० एकर' असें लिहिलें तर अर्थ कोणता घ्यावा? लिहिणाराच्या मनांत एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर असतो. दशांशाच्या नियमानें मात्र तें क्षेत्र एक एकर आठ गुंठेच भरतें. बारा गुंठ्यांचा फरक एका टिंबानें पडला. आणि नीरेच्या कालव्याखालीं बारा गुंठे ऊस म्हणजे थोडी गोष्ट नव्हे. हेक्टर व आर या मापांत हा धोका नाहीं. १०० आरांचा एक हेक्टर असल्यामुळें '१.२० हेक्टर' कसेंहि वाचलें तरी एक हेक्टर वीस आरच. गुंठा आणि आर आकारानें जवळजवळ सारखे, म्हणून एकाची रीत दुसऱ्यास लावण्याचा मोह होतो, इतकेंच.

जुन्या लिखाणांत ही अडचण निराळ्या रूपानें होती. मोडींत विरामचिन्हें नसत. देवनागरी पोथींत वाक्याच्या शेवटीं उभा दंड येई, आणि हिशेबांत तसाच दंड पाव दाखवी: '४।' म्हणजे सव्वाचार, '४॥' म्हणजे साडेचार, '४॥।' म्हणजे पावणेपांच. वाक्य आकड्यावर संपलें तर दंड वाक्याचा कीं गुळाच्या वजनाचा, हें संदर्भानेंच ठरवावयाचें! एकोणिसाव्या शतकांत मेजर कँडी यांनीं इंग्रजी धर्तीचीं विरामचिन्हें मराठींत रूढ केलीं आणि पूर्णविरामाचें काम टिंबाकडे आलें. परंतु दशांश व संक्षेप हींहि कामें त्याच्याचकडे असल्यानें घोटाळा मिटला नाहीं, फक्त त्यानें घर बदललें.

'कि.ग्रॅ.' हा मराठी संक्षेप असल्यानें त्यांतील टिंबें रास्त आहेत. वाक्य तेथेंच संपलें तर आणखी टिंब देऊं नये. प्रश्न असल्यास मात्र टिंबापुढें प्रश्नचिन्ह द्यावें. रोमन अक्षरांतील आंतरराष्ट्रीय चिन्हांची गोष्ट वेगळी. तीं संक्षेप नव्हेत; त्यांच्यापुढें टिंब देऊं नये, असें वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें १९४८ सालीं ठरविलें. अशा चिन्हापुढें टिंब दिसलें तर तें वाक्याचेंच समजावें. आकडा एका ओळींत व त्याचें चिन्ह दुसरींत, असें मात्र छापणारानें होऊं देऊं नये.

एकर-गुंठ्यांना टिंब न लावणेंच बरें. खरेदीखतांत आकड्यापुढें 'अक्षरीं' म्हणून रक्कम शब्दांत लिहिण्याची चाल आहे. क्षेत्रहि तसेंच 'एक एकर वीस गुंठे' असें लिहिलें कीं टिंबाला तेथें कामच उरत नाहीं.