दुचाकीचं विज्ञान (भाग ९) : हवा किती, आणि कधी मोजलेली?

२ मार्च २०२५. थायलंडमधल्या बुरीरामच्या ट्रॅकवर मोटोजीपीच्या मोसमातली पहिली शर्यत रंगात आली होती. मार्क मार्केझ सगळ्यांच्या पुढे होता. सातव्या फेरीत त्याने अचानक वेग कमी केला आणि धाकटा भाऊ अ‍ॅलेक्स याला पुढे जाऊ दिलं. गाडीत बिघाड झाला असावा, असंच पाहणाऱ्यांना वाटलं. बिघाड काहीच नव्हता. पुढच्या टायरमधला दाब नियमापेक्षा कमी भरत होता आणि तो वाढवायला मार्कला भावाच्या गाडीमागची गरम हवा हवी होती. बराच वेळ तो मागे चिकटून राहिला, टायर तापला, दाब वाढला. शेवटच्या तीन फेऱ्या उरल्या असताना त्याने पुन्हा आघाडी घेतली आणि शर्यत जिंकली.

नियम असा होता की पुढच्या टायरमध्ये किमान १.८० बार दाब हवा आणि तो मुख्य शर्यतीच्या निदान ६० टक्के अंतरात टिकायला हवा. चुकलं तर १६ सेकंदांचा दंड. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कतारला मॅव्हरिक विन्यालेस दुसरा आला आणि या दंडापायी थेट चौदाव्या क्रमांकावर घसरला.

१.८० बार म्हणजे साधारण २६ पीएसआय. आता बजाज पल्सर १५० ची पुस्तिका उघडावी. पुढच्या चाकाला २५ पीएसआय, मागच्याला एकट्या स्वारासाठी २८ आणि डबलसीटसाठी ३२. ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे धावणारी शर्यतीची गाडी आणि जालना–राजूर–भोकरदन रस्त्यावर केदारखेड्याच्या फाट्याला उभी असलेली पल्सर, दोघींच्या पुढच्या चाकांचे आकडे जवळपास सारखे! पण मार्केझचा आकडा धावून तापलेल्या टायरचा आहे आणि पल्सरचा गार टायरचा. हवेचा आकडा कोणत्या तापमानाला मोजला हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच नाही, आणि गावोगावी हीच गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षली जाते.

बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. सकाळी २० अंश तापमानाला २८ पीएसआय भरलेला टायर नुसता सावलीत उभा राहून ४५ अंशांपर्यंत तापला, तरी गेजवर साडेएकतीसच्या आसपास दिसेल. उलट हिशेब जास्त घातक आहे. मे महिन्याच्या दुपारी जालन्याहून पळवत आणलेली गाडी पंपावर लावली, आतली हवा ६० अंशांवर आहे आणि गेज २८ दाखवतोय. चालक समाधानाने निघतो. दुसऱ्या दिवशी पहाटे, २२ अंशांना, त्याच टायरमध्ये जेमतेम २३ उरलेले असतात. गळती कुठेही नसते.

म्हणूनच हवा तपासायची ती सकाळी, गाडी फारशी चालवण्याआधी. पंप दूर असेल तर घरी साधा गेज ठेवावा. टायरला लाथ मारून किंवा अंगठ्याने दाबून २२ आणि २८ मधला फरक कुणालाच कळत नाही, कितीही वर्षं गाडी चालवलेली असो.

उन्हाळा लागला की मराठवाड्यात एक सल्ला हमखास ऐकू येतो : ऊन फार आहे, हवा थोडी कमीच ठेव, नाहीतर टायर फुटेल. हा सल्ला काळजीपोटी दिला जातो, पण तो धोक्याचा आहे. हवा कमी असली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टायरची बाजूची भिंत जास्त दबते आणि पुन्हा सरळ होते. तार सारखी वाकवत राहिली की हाताला चटका बसतो, तसंच रबराचं आणि आतल्या धाग्यांचं होतं. ही उष्णता उन्हापेक्षा वाईट, कारण ती टायरच्या आतच तयार होते. त्यात डांबर तापलेलं, मागे दोघं बसलेले, वेग सत्तरचा. धाग्यांचे थर सुटू लागतात आणि टायर फुटतो तो बहुधा असा. उन्हाने वाढणारे चार-पाच पीएसआय कंपनीने आकडा ठरवतानाच गृहीत धरलेले असतात. ते काढून टाकण्याची गरज नाही.

ओझ्याचा प्रश्न केदारखेड्यात रोजचाच. दुधाचे कॅन, मोसंबीचे कॅरेट, खताची गोणी, किंवा अंगारकी चतुर्थीला राजूरच्या गणपतीला निघालेलं कुटुंब : यातलं जवळजवळ सगळं वजन मागच्या चाकावर येतं. म्हणून डबलसीटला मागची हवा वाढवायची. पुढचा आकडा पल्सरला तोच राहतो. ट्रिपलसीटचा आकडा मात्र कोणत्याही पुस्तिकेत नाही, कारण ते वजन टायरसाठी धरलेलंच नाही. जादा हवा भरून ती उणीव भरून निघत नाही.

पावसाळ्यात शेतरस्त्यावरच्या काळ्या चिखलात चाक फिरतं म्हणून काही जण हवा सोडतात. पकड थोडी वाढते हे खरं. पण ट्यूब असलेल्या टायरमध्ये हवा फार उतरली की ब्रेक लावताना टायर रिमवर सरकतो, ट्यूबला सोबत ओढतो आणि ट्यूब व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटते. ते पंक्चर सहसा जोडता येत नाही.

आता ट्रॅककडे. पुणे-संभाजीनगरचे हौशी रायडर चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या ट्रॅकवर गाडी चालवायला जातात, तेव्हा मोठ्या स्पोर्ट्स बाइकची हवा आधी कमी करतात. कावासाकी निन्जा झेडएक्स-१०आर या गाडीला रस्त्यासाठी पुढे ३६, मागे ४२ सांगितलेले असतात. ट्रॅकवर मात्र तीव्र ब्रेक आणि खोल झुकावामुळे टायर इतका तापतो की गार असताना ३० भरले तरी काही फेऱ्यांत ३५-३६ होतात. सुरुवातच जास्त दाबाने केली, तर टायर फुगून रस्त्याला टेकणारा भाग आकसतो आणि वळणात पकड सुटते. त्यामुळे तिथे टायर कंपनीने दिलेला गरम दाब हेच लक्ष्य असतं. फेऱ्या संपवून पिटमध्ये आल्याबरोबर, टायर निवायच्या आत मोजायचं आणि जास्त असेल तेवढंच सोडायचं.

हीच रीत रस्त्यावर आणणं चुकीचं. सरळ रस्त्यावर साठच्या वेगाने टायर तेवढा तापतच नाही, शिवाय मागे माणूस असतो, पुढे खड्डा असतो. कमी हवेच्या टायरवर खड्डा आदळला की धक्का थेट रिमवर जातो. ट्रॅकवरून घरी निघण्याआधी हवा पुन्हा भरायची असते, आणि थकलेल्या संध्याकाळी नेमकं तेच विसरलं जातं.

नायट्रोजनबद्दल वाचक विचारतात. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यापेक्षा पंपावरची मोफत हवा दर आठवड्याला तपासून घेतलेली बरी. व्हॉल्व्हची टोपीही लावलेली असावी. आत धूळ गेली की तिथूनच हवा हळूहळू उतरते.

पुढच्या आठवड्यात : ब्रेक, आणि पुढच्या ब्रेकची अनाठायी भीती.