वाण स्थिर होऊ द्या, मगच दाखवा
वाफ्यातून बाजाराकडे : लेखांक ५

वाफ्यात अवचित उमललेलं वेगळं फूल ओळखायचं कसं, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. ते बियाणे कंपनीकडे न्यायचं कधी, हे समजायला इंग्लंडमधल्या स्वीट पीची गोष्ट ऐकायला हवी.

नॉर्थॅम्प्टनशरमधल्या ऑल्थॉर्पला अर्ल स्पेन्सर यांच्या बागेचे मुख्य माळी होते सायलस कोल. 'प्रिमा डॉना' या गुलाबी वाणातून त्यांना एक आगळं रोप मिळालं. फूल मोठं, पाकळ्या झालरीसारख्या लहरदार. १९०१ साली लंडनच्या प्रदर्शनात 'काउंटेस स्पेन्सर' या नावाने ते मांडलं गेलं आणि त्याचा मोठा बोलबाला झाला. बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट सिडनहॅम यांनी त्याचं बी घेतलं आणि वाढवण्यासाठी कॅलिफोर्नियाला पाठवलं. तिथून आलेलं बी लोकांनी पेरलं, तर भलत्याच रंगारूपाची फुलंही त्यातून निघाली. वाण स्थिर झालेलंच नव्हतं.

त्याच सुमारास केंब्रिजजवळच्या हिस्टन गावी विल्यम अन्विन यांनाही त्याच 'प्रिमा डॉना'तून लहरदार पाकळ्यांचं रोप मिळालं. त्याला त्यांनी मुलीचं नाव दिलं, 'ग्लॅडिस अन्विन'. हे फूल कोलांच्या फुलापेक्षा थोडं लहान होतं, पण पेरलं की तसंच उगवायचं. त्यावरच त्यांचा बियाण्यांचा व्यवसाय उभा राहिला. माझ्या मते या दोघांत खरी किंमत अन्विनांच्या फुलाची. बियाणे कंपनी विकत असते पुढच्या वर्षीची खात्री.

स्वीट पीमध्ये परागीभवन बहुधा कळी उमलण्याआधीच आतल्या आत होतं. तरी ही गत! झेंडूवर तर मधमाश्या दिवसभर फिरतात. म्हणून निवडलेली रोपं इतर झेंडूंपासून लांब किंवा जाळीखाली ठेवावी लागतात, प्रत्येक रोपाचं बी वेगळं पेरावं लागतं आणि मूळ रूपापासून ढळलेलं रोप दिसताच उपटावं लागतं. हे शेवटचं काम जिवावर येतं, पण करावंच लागतं. अमेरिकेतल्या बर्पी कंपनीने १९५४ साली पांढऱ्या झेंडूसाठी दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं. ते आयोवाच्या ॲलिस व्होंक यांनी १९७५ साली मिळवलं, वर्षानुवर्षं सर्वांत फिकट फुलांचंच बी राखून.

आपल्याकडे वाणाची नोंदणी २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली होते. नव्या वाणासाठी नवेपणा, वेगळेपण, एकसारखेपणा आणि स्थिरता अशा चार कसोट्या आहेत. त्यातली पहिली अनेकांना नडते. अर्जाच्या एक वर्षाहून आधी ते वाण भारतात विकलं गेलं असेल, तर नवेपणा संपतो. नुसती चाचणी घेतल्याने तो जात नाही. तेव्हा स्थिर झालेलं बी कंपनीला चाचणीसाठी द्यायला हरकत नाही, मात्र लेखी करार करूनच. रोपवाटिकेला पुड्या विकण्याचा मोह तोवर आवरा. करारात काय असावं, ते पुढच्या आठवड्यात.