सेवार्थीचे ध्येय कोणी ठरवावे?

समाजकार्याच्या परिभाषेत जिला ‘सेवार्थी’ म्हणतात ती व्यक्ती आपल्या दाराशी येते ती अडचण घेऊन. ध्येय घेऊन नव्हे. अडचणीतून ध्येय निष्पन्न करणे हे उभयतांचे काम होय. परंतु आपण धर्मसेवक ते पुष्कळदा एकट्यानेच उरकतो, आणि मग सेवार्थी त्याप्रमाणे वागत नाही म्हणून खिन्न होतो.

येशूसंघीय धर्मगुरू फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मदतकर्ता व सेवार्थी यांच्या नात्याची सात तत्त्वे मांडली. आत्मनिर्णय हे त्यांपैकी एक. बार्तिमय आंधळा आहे हे साऱ्यांनाच दिसत होते. तरीही आपण त्याच्यासाठी काय करावे, असे प्रभूने त्यालाच विचारले.

समजा, निपाणीच्या परिसरात विड्या वळणारी एक विधवा आपल्याकडे आली. तिने हा धंदा सोडून शिवण शिकावे, असे आपल्याला वाटते. तिचे म्हणणे निराळेच: ठेकेदार खराब म्हणून ज्या विड्या बाजूला काढतो, त्या आपल्यादेखत मोजाव्यात. हे ध्येय लहान दिसते. पण ते स्पष्ट आहे, आणि साधले की नाही हे तिला आठवड्याच्या हिशेबातच कळेल. शिवाय ते एकटीला साधणारे नसल्याने तिला शेजारणींकडे जावेच लागेल. निपाणीतील तंबाखू कामगार स्त्रिया अशाच संघटित झाल्या; त्यांच्या लढ्यावर युगांतर गटाने १९८२ मध्ये माहितीपटही केला.

ठरलेले ध्येय तिच्याच शब्दांत लिहावे व तिला वाचून दाखवावे. आपल्या सीमाभागात ही केवळ औपचारिकता नव्हे. अर्ज कानडीत, बाई मराठी बोलणारी. कशावर अंगठा उठवला हे तिला ठाऊक नसेल, तर ते ध्येय तिचे कसे म्हणावे?

येथे एक रास्त आक्षेप येतो. एखादी आई मुलीला यल्लम्मेला सोडण्याचा निश्चय सांगू लागली तर? बीस्टेक यांनीच आत्मनिर्णयाला मर्यादा घातल्या आहेत: व्यक्तीची कुवत, कायदा, नीती आणि संस्थेचे कार्यक्षेत्र. कर्नाटकाच्या १९८२च्या कायद्याने देवदासी म्हणून मुलीला वाहणे हा गुन्हा ठरविला आहे. तेथे तडजोड नाही. मात्र नकार देऊन संभाषण संपवू नये. त्या निश्चयामागे बहुधा भय असते: मुलीच्या केसांत जट झाली, घरात आजारपण आले. जट सोडविणे, वैद्याकडे नेणे, मुलीची शाळा चालू ठेवणे ही ध्येये त्या भयाशी बोलून आईबरोबर ठरविता येतात. असे बोलणे कोणी करावे, हाही प्रश्न आहे. बेळगाव जिल्ह्यात १९९७ साली माजी देवदासींनीच स्वतःची संस्था उभी केली, आणि मुलींना वाहण्याची चाल बंद पाडणे हे कार्य हाती घेतले. अशा आईशी बोलताना धर्मशिक्षकाने त्या वाटेने गेलेल्या एखाद्या स्त्रीला सोबत न्यावे, आणि प्रथम तिला बोलू द्यावे.