नव्वद दिनारांची रेघ

बहरीनमध्ये, मनामाच्या ईशान्य टोकाला हूरा नावाचा भाग आहे. एक्झिबिशन रोडच्या दोन्ही अंगांना हॉटेलं, खानावळी आणि भाड्याच्या खोल्यांच्या इमारती आहेत. इथे कामाला असलेल्या आणि घर कोकणात असलेल्या माणसाकडे 2025 च्या सप्टेंबरनंतर एक नवं काम आलं. गावाकडून बायकोचा फोन आला की मोबाईलवर आलेले सहा आकडे ताबडतोब वाचून दाखवायचे. बायकांना महिन्याला दीड हजार रुपये देणाऱ्या, महाराष्ट्र सरकारच्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत बाईने आधी स्वतःचा आधार क्रमांक टाकायचा, तिच्या फोनवर ओटीपी येतो. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा, आणि त्याचा ओटीपी त्याच्या आधारशी जोडलेल्या क्रमांकावर जातो. आधारला परदेशी मोबाईल क्रमांक जोडता येत नाही. म्हणजे हूऱ्यातल्या माणसाकडे भारतातलं सिमकार्ड हवं, ते रिचार्ज करून जिवंत ठेवलेलं हवं आणि रोमिंग चालू हवं. ओटीपीची मुदत दहा मिनिटांची. दिवसा संकेतस्थळ अडकतं म्हणून बाई रात्री बाराला बसली, तर हूऱ्यात तेव्हा साडेनऊ वाजलेले असतात आणि खानावळीत गर्दीची वेळ असते. हातातली ताटं खाली ठेवून त्याने फोन पाहीपर्यंत दहा मिनिटं गेली की सगळं पहिल्यापासून.

याला चौकशी असं कुणी म्हणत नाही, सरकारी शब्द पडताळणी आहे. पण तिची रीत चौकशीचीच आहे. तुम्ही सरकारचे पैसे घेतले आहेत, ते घ्यायला तुम्ही पात्र होता हे आता तुम्हीच सिद्ध करा, मुदतीत केलं नाही तर हप्ता बंद. जून 2024 च्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली, जुलैत अर्ज सुरू झाले, रक्षाबंधनाच्या आधीच बायकांच्या खात्यांत दोन महिन्यांचे तीन हजार रुपये पडू लागले आणि नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक झाली. इतक्या थोड्या काळात दोन कोटींहून अधिक अर्ज मंजूर होऊ शकले, कारण बाईच्या हमीपत्रावर विश्वास ठेवला गेला. मंजूर करताना बाईचा शब्द पुरला आणि निवडणूक आटोपल्यावर तोच शब्द संशयाचा विषय झाला, हा या प्रकरणाचा गाभा आहे. पडताळणी व्हायलाच हवी. पण घाई सरकारने केली असेल तर चुकीचा पहिला भार सरकारने उचलायला हवा. बाईला कारण सांगितल्याशिवाय, तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय तिचा हप्ता थांबवता कामा नये.

हूऱ्यातल्या माणसाच्या घरापुरता हिशेब करून पाहू. योजनेची अट आहे की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावं, म्हणजे महिन्याला 20,833 रुपये. बहरीनचा दिनार डॉलरशी बांधलेला आहे, एका डॉलरला 0.376 दिनार. दिनार 230 रुपयांच्या आसपास धरला तर अडीच लाखांची मर्यादा पडते महिना साधारण 90 दिनारांवर. 90 दिनारांच्या अलीकडे बाई पात्र, पलीकडे अपात्र. खानावळीतल्या किंवा बांधकामावरच्या मजुराचा पगार या रेघेच्या फार लांब नसतो. ओव्हरटाइम मिळाला तर तो रेघ ओलांडतो. करार संपून माणूस चार महिने घरी बसला तर तो पुन्हा अलीकडे येतो. शिवाय हे उत्पन्न इथल्या कुठल्याच कागदावर नाही. बहरीनमध्ये वैयक्तिक आयकर नाही, तिथे पगारातून बेरोजगारी विम्याचा एक टक्का कापला जातो. वर्षातला बहुतेक काळ परदेशात राहणाऱ्या अनिवासी माणसाची तिथली कमाई भारतातही करपात्र नसते. इकडे घरात केशरी रेशनकार्ड असतं. ते एक लाखापर्यंतच्या उत्पन्नाचं. पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला लागणार नाही, असं योजनेतच ठरवलेलं होतं. अशा घरातल्या बाईने कार्ड दाखवून अर्ज भरला, तर तिने काय लपवलं? विचारलेलं तेवढं तिने दाखवलं. नवऱ्याचा पगार दिनारांत किती आणि तो धरायचा की नाही, हे त्या अर्जात तिला कुणी विचारलंच नव्हतं.

हा अर्ज तिच्या हातून भरून घेतला तो बहुधा अंगणवाडी सेविकेने. या साऱ्या प्रक्रियेत सर्वांत जास्त ताण याच बाईवर आहे. 2024 च्या पावसाळ्यात पोरांचा खाऊ, वजनकाटा आणि नोंदवह्या सांभाळून तिने स्वतःच्या मोबाईलवर ‘नारीशक्ती दूत’ अॅप उघडलं आणि वाडीतल्या एकेकीचा फोटो काढून अर्ज चढवले. पात्र ठरणाऱ्या प्रत्येक अर्जामागे तिला 50 रुपये देऊ केले होते. पुढच्याच वर्षी घरात चारचाकी आहे का हे पाहायला तिलाच पाठवण्यात आलं. विधवा, घटस्फोटित बायकांचा ओटीपी येणार कुणाच्या फोनवर, हा प्रश्न उभा राहिला तेव्हा मृत्यूचे दाखले आणि न्यायालयाचे कागद तिच्याकडेच जमा करायला सांगितलं गेलं. तिने काल ‘भर गं, मिळतील’ म्हणून सांगितलं आणि आज तीच दारात उभी राहून गाडी कुणाच्या नावावर आहे विचारते. वाडीतल्या माणसांच्या लेखी सरकार म्हणजे हीच बाई. अर्ज भरून घेणारी आणि चौकशी करणारी व्यक्ती एकच असेल तर चूक कुणाची हे कधीच निष्पक्ष ठरत नाही, कारण अर्जातली चूक तिच्या हातून झाली असेल तर ती कबूल करण्याची सोयही तिला ठेवलेली नाही.

आता आकडे पाहू. फेब्रुवारी 2025 मध्ये पाच लाख बायका अपात्र ठरल्याचं महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी जाहीर केलं. त्यांत संजय गांधी निराधार योजनेचे पैसे आधीच मिळणाऱ्या होत्या, 65 वर्षांपुढच्या होत्या, घरात चारचाकी असलेल्या होत्या. दिलेले पैसे परत घेणार नाही, असंही तेव्हा सांगितलं गेलं, आणि ते योग्य होतं. मग जुलैत मोठा आकडा आला. जूनपासून 26 लाख 34 हजार जणींचा लाभ स्थगित. जिल्हाधिकारी त्यांची माहिती पुन्हा तपासतील आणि ज्या पात्र ठरतील त्यांचे पैसे पुन्हा सुरू होतील, असं सांगण्यात आलं. हा क्रम नीट पाहायला हवा. 26 लाख 34 हजार जणींचं आधी बंद केलं आणि तपास नंतर. संशय आला तो वेगवेगळ्या सरकारी खात्यांच्या याद्या एकमेकींवर ठेवून, पण याद्यांना घर कळत नाही. सासू आणि दोन जावा एकाच रेशनकार्डावर असल्या तर यादीला ते एक कुटुंब आणि कुटुंबामागे दोघींच्या मर्यादेहून एक बाई जास्त. प्रत्यक्षात दोन्ही भाऊ आखातात, चुली वेगळ्या, फक्त कार्ड फोडायला तहसीलला खेटे कोण घालणार म्हणून नावं एकत्र. आणि ज्या घरात खरोखर दोनशे दिनार येतात, पण गाडी नाही आणि आयकराची नोंद नाही, ते घर कुठल्याच यादीत दिसत नाही. म्हणजे ही चाळण 90 दिनारांच्या रेघेवरच्या घराला अडवते आणि रेघेच्या कितीतरी पलीकडच्या घराला सोडते.

यावरचा आक्षेप खरा आहे आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. पैसा जनतेचा आहे. 26 लाख 34 हजार जणींचे दीड हजार म्हणजे महिन्याला 395 कोटी होतात, आणि त्यात शाळा आणि दवाखान्यांची किती कामं झाली असती. आपण अपात्र आहोत हे ओळखून ज्यांनी अर्जच केला नाही, त्या बायकांवर हा अन्याय नाही का? शिवाय 14,298 पुरुषांच्या नावे पैसे गेल्याचं उघड झालं, सरकारी नोकरीतल्या बायकांनीही लाभ घेतला. ही फसवणूक नव्हे तर काय? सरकारी पगार घेणाऱ्या बाईला नियम ठाऊक असतो. तिने खोटं हमीपत्र दिलं असेल तर वसुली आणि कारवाई दोन्ही व्हावी. पुरुषाने बाईच्या नावाची जागा बळकावली असेल तर तिथेही दया नको, मात्र घरातल्या बाईचं खातं नव्हतं म्हणून त्याचं खातं दिलं गेलं का, एवढं तरी तपासायला हवं. पण 14,298 हा आकडा 26 लाख 34 हजारांशेजारी ठेवला तर शंभरात एकही भरत नाही. या थोड्यांच्या बातम्यांनी उरलेल्या सगळ्याजणींकडे पाहायची नजर ठरली. जाणूनबुजून केलेलं खोटं आणि न समजल्याने झालेली चूक यांना एकाच शब्दाखाली आणलं, की जिचा गुन्हा नाही तीही मान खाली घालून सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. दोन कोटींहून अधिक बायकांचं म्हणणं एकेकीला बसवून ऐकणार कोण? संगणकच लागणार. संगणक जरूर लावावा, पण त्याचा निकाल अंतिम मानला की काय होतं ते दोन श्रीमंत देशांनी भोगलं आहे. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यवस्थेने वर्षाचं उत्पन्न पंधरवड्यांत सारखं वाटून लाखो लोकांवर खोटी थकबाकी काढली. कधी काम मिळतं, कधी नाही, अशा माणसाचं उत्पन्न सरासरीत मावत नाही, नेमकी हूऱ्यातल्या कराराच्या मजुराची स्थिती. 2023 मध्ये तिथल्या शाही आयोगाने या व्यवस्थेवर कठोर ताशेरे ओढले. नेदरलँड्समध्ये पाळणाघराच्या अनुदानावरून हजारो आईबापांना लबाड ठरवून पूर्ण रक्कम परत मागितली गेली, किरकोळ कागदी चुकांसाठीसुद्धा. दुहेरी नागरिकत्व हे संशयाचं कारण मानलं गेलं. संसार मोडले, आणि अखेर जानेवारी 2021 मध्ये सगळ्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडे वसुलीचा तसा वरवंटा फिरलेला नाही, हे श्रेय द्यायला हवं. पण सिद्ध करण्याचा भार दुबळ्या माणसावर टाकायचा, हा पाया तोच आहे.

ई-केवायसीच्या अर्जातच याचा पुरावा सापडतो. घरात कुणी सरकारी नोकरीत नाही, अशा नकारार्थी वाक्याला होय किंवा नाही म्हणायचं होतं. घरात नोकरदार नाही म्हणून बाईने सरळ मनाने ‘नाही’ निवडलं, की संगणकाच्या लेखी घरात सरकारी नोकर निघाला. अनेकींचे हप्ते अशा एका स्पर्शाने थांबले, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा अंगणवाडी सेविकेनेच घरोघर जाऊन खात्री करायची असं ठरलं. प्रश्न नीट न विचारणाऱ्याला काही भोगावं लागलं नाही, चुकीचं बोट लागलेल्या बाईची मात्र महिन्याची बेगमी गेली. मुदत आधी नोव्हेंबरची होती, मग 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवावी लागली. एवढी वाढवावी लागली यातूनच कळतं की अडचण बायकांच्या आळसाची नव्हती.

करायचं काय ते अवघड नाही. हप्ता थांबवण्याआधी बाईला तिच्या भाषेत, तिच्या फोनवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर नेमकं कारण कळवा आणि उत्तर द्यायला पुरेसे दिवस द्या. नवरा परदेशी असेल तर त्याच्या ओटीपीशिवाय पडताळणीचा मार्ग ठेवा: पासपोर्टची प्रत, बँकेत आलेल्या पैशांचा उतारा, तलाठ्याचा पंचनामा. परदेशातल्या पगाराची अट स्पष्ट लिहा. 90 दिनारांपलीकडचं घर अपात्र असेल तर तसं सांगा आणि पुढचा हप्ता थांबवा, मागचे पैसे घेतल्याचा कलंक मात्र लावू नका. अर्ज भरून घेणारी सेविका आणि तपासणारा अधिकारी वेगळे ठेवा. आणि खोटेपणाचा ठपका ठेवायचा असेल, तर बाईला नियम माहीत होता हे आधी सरकारने दाखवून द्यावं. दीड हजार रुपये देताना तिच्या शब्दावर विसंबलेल्या सरकारने ते काढून घेतानाही तो शब्द एकदा ऐकून घेतला पाहिजे.