गोदाम, घर आणि ट्रॅक्टरमधली पक्ष्यांची घरटी : माल वाचवा, जीवही वाचवा



तूर घरात आली, हरभरा काढणीला आला. गोदामात थप्पी लागायची वेळ आणि पाखरांची काडी-काडी जमवायची वेळ एकच. ग्रेडिंगला दाण्यात विष्ठा, पिसं सापडली की लॉट बाजूला काढावा लागतो, नाहीतर पुन्हा चाळणी आणि पुन्हा मजुरी. म्हणून हा मेसेज पूर्ण वाचा. काम सोपं आहे, फक्त वेळेवर करायचं आहे.

*१) आधी बघा, घरटं कोणत्या टप्प्यावर आहे*

नुसत्या काड्या असतील तर लगेच काढा. पाखरं परत आणतील, तुम्ही परत काढा. रोज सकाळी एक फेरी, असं आठ-दहा दिवस केलं की जोडी दुसरी जागा शोधते.

अंडी किंवा पिल्लं असतील तर हात लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार जंगली पक्ष्यांची अंडी, घरटी यांना धक्का लावणं हे शिकारीत धरलं जातं. शिवाय आई-बापाची वाट बंद झाली की पिल्लं आत मरतात, कुजतात आणि तो वास, त्या अळ्या तुमच्याच मालात येतात.

किती दिवस थांबायचं? अंडी घातल्यापासून अंदाजे:
• चिमणी – ४ आठवडे
• साळुंकी – ६ आठवडे
• पारवा (कबुतर) – ७ आठवडे

तोपर्यंत घरट्याखालचा माल सरकवा. सरकवता येत नसेल तर थप्पीवर ताडपत्री टाका. पिल्लं उडाली की लगेच जागा साफ करून बंद करा. पारवा जवळपास वर्षभर अंडी घालतो, पहिली पिल्लं उडायच्या आत दुसरी अंडी टाकतो. त्यामुळे काढण्याआधी एकदा नीट बघून घ्या.

*२) वाट बंद करा*

• पारव्यासाठी दोन इंची जाळी पुरते. चिमणीला अडवायचं असेल तर पाऊण इंची लागते.
• जाळी ताणून बांधा. सैल जाळीत पाखरं अडकून तडफडून मरतात. लावून झाल्यावर आत कोणी राहिलं नाही ना, ते बघा.
• वळचणीला, पत्र्याच्या पन्हळीखाली जी फट राहते ती चिमणीची आवडती जागा. तिथे जाळीची पट्टी ठोका किंवा सिमेंटने बुजवा.
• कैची, लिंटेल, खिडकीवरची सपाट जागा ही पारव्याची बैठक. तिथे पत्रा किंवा फळी तिरकी (साधारण ४५ अंश) बसवा. काडी टिकत नाही, पारवाही बसत नाही.
• कांदा चाळ मात्र पत्रा, प्लास्टिक लावून बंद करू नका. हवा कोंडली की कांदा सडतो. तिथे फक्त जाळी.

चमकत्या पट्ट्या, जुन्या सीडी चार दिवस चालतात, मग पाखरांना सवय होते. त्यावर पैसे घालू नका.

*३) दाणा-पाणी दिसू देऊ नका*

फाटकं पोतं शिवा, सांडलेलं धान्य संध्याकाळी झाडून घ्या, गळका नळ दुरुस्त करा. आत दाणे पडलेले असतील तर पाखरं जाळीतली प्रत्येक फट शोधून काढतात.

*४) ट्रॅक्टर आणि स्टार्टर पेटी*

ट्रॅक्टर आठ दिवस उभा राहिला की बोनेटखाली गवत जमा होतं. सायलेन्सर तापला की तेच गवत पेट घेतं. बरेच दिवस उभ्या ट्रॅक्टरला चावी लावण्याआधी बोनेट उघडून बघा. मोटारीच्या स्टार्टर पेटीचं दार बंद ठेवा, वायरीची भोकं बुजवा. पेटीत काड्या दिसल्या तर आधी मेन स्विच बंद, मगच हात. घरात पंख्याच्या वरच्या वाटीत चिमणीने घरटं केलं असेल तर पिल्लं उडेपर्यंत तो पंखा बंद ठेवा.

*५) साफसफाई करताना*

सुकी विष्ठा कोरडी झाडू नका. ती धूळ छातीत जाते, त्यातून फुफ्फुसाचे आजार होतात. आधी पाणी मारून भिजवा, मग खरडून काढा. तोंडाला मास्क, हातात मोजे. दमेकरी आणि लहान मुलांना लांब ठेवा. धान्य आधी हलवा, त्यावर पाणी उडू देऊ नका.

*६) हे अजिबात नको*

विषारी दाणे, चिकट सापळे, मांजा, फटाके. विष टाकलेला दाणा तुमच्या कोंबडीच्या पोटातही जाऊ शकतो, तुमच्या पोत्यातही.

*७) यांना राहू द्या*

गव्हाणी घुबड गोदामात असेल तर नशीब समजा. ते रात्री उंदीर मारतं, तुमच्या धान्याला तोंड लावत नाही. त्याच्यासाठी एक वाट उघडी ठेवा आणि त्याच्या बैठकीखाली माल ठेवू नका. लोक अशुभ म्हणतात, पण उंदराने कुरतडलेलं पोतं जास्त अशुभ. विहिरीच्या कपारीतले पारवे, भिंगरीचं मातीचं घरटं यांनाही त्रास देऊ नका. भिंगरी उडते किडे खाते.

चिमणी पिल्लांना अळ्या, किडे भरवते, म्हणजे ती आपल्या पिकाचंच काम करते. तिला गोदामातून काढायचं, गावातून नाही. गोदामापासून लांब, सावलीत, मांजर पोचणार नाही अशा उंचीवर लाकडी खोका टांगा. भोक सव्वा इंचाचं ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही.

*८) अडचण आली तर*

पिल्लू खाली पडलं आणि घरटं दिसत असेल तर उचलून परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकून देत नाही. जखमी पक्षी असेल किंवा अंडी असलेलं घरटं हलवल्याशिवाय काम अडलं असेल तर आधी वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.

या आठवड्यात एवढं करा: वळचण, कैची, बोनेट आणि स्टार्टर पेटी, चारही ठिकाणी एक नजर टाका. काड्या दिसल्या तर आजच काढा, अंडी दिसली तर तारीख भिंतीवर लिहून ठेवा. काय करावं कळत नसेल तर फोटो काढून आपल्या गटप्रमुखांना पाठवा.

मेसेज गावातल्या इतर सभासदांनाही पाठवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी